ठिपक्यांची रेघ

संचालक बदलले की पहिला फोन मला येतो.
"व्हर्ना, तक्ता."
एकवीस वर्षांत नऊ वेळा
हेलेनाच्या या तळघरात बसून
मी वरच्या चौकटीतलं नाव पुसलं,
खालच्या एकाही चौकटीला धक्का न लावता.

सगळ्यांत वर गव्हर्नर. त्यांच्याखाली संचालक.
मग दोन उपसंचालक, शेजारी शेजारी,
एकमेकांशी न बोलणारे.
(ते तक्त्यात दिसत नाही.)
मग तपास पथक, प्रयोगशाळा, पोलीस अकादमी,
नोंदी आणि बोटांचे ठसे,
आणि कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, पीडित साहाय्य.
जाड रेघ म्हणजे हुकूम.
ठिपक्यांची रेघ म्हणजे समन्वय.
समन्वय म्हणजे काय ते मला कुणी सांगितलं नाही,
मी नुसते ठिपके देते.

जानेवारीत, उणे एकतीसमध्ये,
ब्राउनिंगहून अर्लीन रनिंग क्रेन आली
साडेतीन तास गाडी हाकत.
भाचीचा कोट एका पेटीत, पेटी सीलबंद,
सोळा महिने कुठे आहे, एवढंच विचारायला.
प्रयोगशाळा म्हणाली, पथकाने मागणी केली नाही.
पथक म्हणालं, शेरीफने कळवायला हवं.
शेरीफ म्हणाला, ती जमीन माझी नाही, वॉशिंग्टनची.
या बोटावरची थुंकी त्या बोटावर,
आणि हात सगळ्यांचे कोरडे.
शेवटी दारावरच्या माणसाने तिला खाली धाडलं:
कोण कुठे बसतं ते व्हर्नाला ठाऊक.

मी कॉफी दिली. कप गळका निघाला.
तक्ता टेबलावर पसरला.
तिने ओलं बोट संचालकांवर ठेवलं
आणि हळूहळू खाली आणलं,
अनोळखी गावात घर शोधावं तसं.
पथक आणि प्रयोगशाळेच्या मधे थांबली.
"इथे," म्हणाली. "या दोन ठिपक्यांत पडलीय ती."

मग म्हणाली, "तू कुठे आहेस यात?"
मी शोधलं. खरंच शोधलं.

नवे संचालक, ओडेगार्ड, सोमवारी रुजू झाले.
त्यांना उतरंड नको होती, सगळं सपाट हवं होतं.
एक उपसंचालक सल्लागार झाले,
बाजूला तरंगणारी चौकट, कुठल्याच रेघेला न बांधलेली.
बाकी चौकटी मी इकडच्या तिकडे केल्या.
साडेसातला इमारत रिकामी झाली.
मग ती एक ठिपक्यांची रेघ
मी जाड केली.
कुणी सांगितलं नव्हतं.

सही झाली. काचेत बसून तक्ता दर्शनी दालनात लागला.
अकराव्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन:
"तक्त्याप्रमाणे आता पथकाने विचारलं
तर आम्ही उत्तर देणं लागतो का?"
"रेघ कशी आहे?"
"जाड."
"मग लागता."
तिकडे पथकालाही कुणीतरी तेच विचारलं असणार.

पेटी उघडल्याचं मला एका आवक-जावक क्रमांकावरून कळलं.
आत काय निघालं हे कळण्याइतका माझा हुद्दा नाही.
अर्लीनचा फोन आलेला नाही.
ओडेगार्डना वाटतं, तक्ता त्यांनी काढला.
वाटू दे.

जुना मी फाडला नाही, खणात आहे.
दोन ठिपक्यांच्या मधे कॉफीचा एक ठसा,
वेटोळी स्पष्ट, डावीकडे जुन्या जखमेची चीर.
वरच्या मजल्यावर अशा ठशांसाठी अख्खा विभाग आहे.
त्यांना मी तो दिलेला नाही.