गाळलेला सूर

डेलिया मरिनान क्लेअरहून निघाली तेव्हा
ट्रंकेत दोन झगे, आणि
लोकरी मोज्यात गुंडाळलेली कॉन्सर्टिना.

शिकागोत बारा वर्षं
लोकांचे चांदीचे चमचे घासले.
शनिवारी रात्री मात्र
ट्रामवाले, खाटीक, गवंडी
तिच्या भात्याच्या श्वासावर नाचत
पहाटेपर्यंत.

रेकॉर्ड एकच निघाली.
पंचवीस डॉलर,
आणि लेबलवर नाव चुकलेलं.
त्या दिवशी एक रीड मुकी पडली होती,
बोटीवरच्या खाऱ्या हवेनं
की मालकिणीच्या धुण्याच्या वाफेनं, कोण जाणे.
तो सूर आला तशी ती
पुढच्यावर उडी मारून गेली,
स्कर्ट सावरून ओहोळ ओलांडावा तशी.

रेकॉर्ड पोस्टानं आमच्याकडे आली.
लोहाराच्या घरी, पीटच्या धुरात,
सुई पुन्हा पुन्हा मागे नेत
पोरं ती उडीही शिकली.

डेलिया गेली त्या महिन्यात
घरमालकानं भाड्यापोटी
कॉन्सर्टिना ठेवून घेतली म्हणे.
मोज्याचं कुणी लिहिलं नाही.

आमच्याकडे ती रील अजून तशीच वाजते.
डब्लिनचा एखादा शिकलेला फिडलवाला
मधला सूर भरायला जातो,
तेव्हा बाबा त्याला कोपरानं ढोसतात:
"तिथं काही नसतं रे.
तिथं पाणी आहे."