शिक्षेबाबत काही सांगायचंय?

विजयनगरच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या संगणकात एक परिच्छेद तयारच असतो :
आरोपीचा हा पहिलाच गुन्हा आहे.
तो घरातील एकमेव कर्ता पुरुष आहे.
वृद्ध आईवडील त्याच्यावर अवलंबून आहेत.
सबब दया दाखवावी.
नाव, वय, गाव तेवढं बदलायचं.
एकोणीस वर्षांत कितीतरी जणांचे वडील
आधीच गेलेले निघाले,
मी ते तसेच जिवंत ठेवून दिले.

साहेब दोषी म्हणतात,
चष्मा काढतात, आणि विचारतात,
शिक्षेबाबत काही सांगायचंय?
विचारावंच लागतं, कायदा आहे.
आणि माणसं सांगतात.
एक म्हणाला, माझ्याबिगर म्हैस पान्हवत नाही.
एकानं हात जोडले ते साहेबांना नव्हे,
डोक्यावरच्या पंख्याला.
मी टाईप करते, पहिलाच गुन्हा.

त्या मंगळवारी दोघं होती.
जिनगोंडा मगदूम, मार्केट यार्डातला तोलार,
नखांच्या मुळापर्यंत पिवळा.
वजनावरून वाद झाला, पोत्याचा हुक चालवला,
समोरच्याच्या दंडाला सात टाके.
काही सांगायचंय?
‘हुक हातातच हुता, साहेब.’
एवढंच.
दोन वर्षं नीट वागायच्या बोलीवर सोडला.
सही करताना बंधपत्राच्या कोपऱ्याला
बोटाची हळद लागली,
लग्नपत्रिकेला लावतात तशी.

मग शालन खरमाटे.
बुधगावच्या पतसंस्थेची कॅशियर.
अकरा महिने, एक्केचाळीस हजार,
मुलीची नर्सिंगची फी.
ती रोज संध्याकाळी ते मनातल्या मनात परत भरत होती,
मनातल्या वहीला शिक्का नसतो.
सरकारी वकील म्हणाले, हा लोकांचा विश्वास आहे.
खोटं नव्हतं ते.
रोजचे पन्नास भरणाऱ्या भाजीवाल्या
मागच्या बाकावर बसल्या होत्या,
मांडीवर पासबुकं, पासबुकांवर हात.
त्यातली एक रडत होती.
कुणासाठी, ते मला कळलं नाही.

शिक्षेबाबत काही सांगायचंय?
शालननं पदर सारखा केला.
‘मटकी भिजत घातलीया,’ म्हणाली,
आणि मग तिचं तिलाच कसंतरी झालं.
तीन महिने, साधी कैद.
साधी.
साधी चपाती, साधा चहा,
तशीच सरळ बोटाखालून गेली.
‘आजपास्नं धरायचं,
का उद्यापास्नं?’
तिनं साहेबांना नाही विचारलं,
मला विचारलं.
बहुतेक मी बाई म्हणून, किंवा
मीच एकटी वर बघत होते म्हणून.
पोलीस बाईनं तिच्या कोपराला धरलं.
खिडकीतून दिसलं,
गाडी पुष्पराज चौकाकडे वळली,
आणि मागं एक उसाचा ट्रॅक्टर
हॉर्न वाजवत राहिला.

आठवड्यानं तिचा नवरा आला, नकलेसाठी.
किराणा दुकानात पुड्या बांधतो,
बोटांना सुतळीचे वळ.
काउंटरवरच उभ्यानं वाचायला लागला,
ओळीखाली बोट धरून,
एकेक शब्द ओठांनी चाचपत.
एका ओळीवर बोट थांबलं.
मी वाकून पाहिलं, आणि पोटात गोळा आला.
घाईत मी फक्त ‘तो’ बदलला होता :
ती घरातील एकमेव कर्ता पुरुष आहे.
साहेबांची सही होती. गोल शिक्का होता.
दोन वकिलांनी वाचलं होतं.
मी म्हटलं, चूक झाली, दुरुस्तीचा अर्ज द्या,
मी लगेच करून देते.

तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला.
‘न्हाई,’ म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या.
बरोबर हाय ते.’

मग कागदाची घडी घातली,
पुडीसारखी, कोपरे आत दुमडून.
खिशातून नाणी काढली, मोजली,
पुन्हा मोजली.
‘पानाला किती?’