दीड वाव

फोबोर्गच्या बंदरकचेरीत सिड्सेल होल्क
तीस वर्षं समुद्राचे नकाशे काढायची.
कुठे वाळू, कुठे खडक, कुठे पाणी किती वाव,
सगळं मुंगीएवढ्या आकड्यांत.
डोळे अधू झाले तसं खात्याने
तिला एक घड्याळ देऊन घरी पाठवलं.
मग कोपनहेगनच्या कुणा प्रकाशकाने
जुन्या परीकथांसाठी चित्रं मागितली.
बत्तीस. शाईतली.

मी तेव्हा ठसे कोरणाऱ्या थ्योगरसेनकडे उमेदवार होतो.
चित्रं आली ती मेणकापडात गुंडाळलेली,
हेरिंगचा वास मारत.

राजवाडा होता, सावत्र आई होती,
बर्फात वाट चुकलेली पोरं होती,
चेटकीण तर थेट आमची मासळीवाली
(तिला हे सांगणार कोण?).
सगळं रीतसर. फक्त
जंगलात, झाडांच्या मधोमध,
बारीक आकडे: चार. सात. साडेनऊ.
राणीच्या शेजघरात अकरा.
चेटकिणीच्या उंबऱ्याशी दीड.

प्रकाशकाचं पत्र आलं, आकडे उडवा.
मालकांनी पटाशी माझ्या हातात ठेवली.
"आपल्या धंद्यात," म्हणाले, "स्वतःच्या मताला वाव नसतो."

तरी गेलोच तिच्याकडे.
ती बटाटे सोलत होती.
"गोष्टीत लिहिलंय, घनदाट अरण्य.
घनदाट म्हणजे किती?
पोरं आत जाणार, आणि आधी कुणी
दोर सोडून बघायचं नाही?"
बटाट्याचा डोळा तिने सुरीच्या टोकाने काढला.
"राणीच्या खोलीत तीनदा सोडला.
अकराला माझा दोरच संपला."

ठशावर सगळं उलटं असतं.
उलटे चार, उलटे सात, एकेक खरवडत
मी आठवडाभर भुसा फुंकत बसलो.
अरण्य पुन्हा अरण्य झालं.
फार सुंदर. तळ नसलेलं.
उंबऱ्यापाशी पटाशी थांबली.
मीच थांबवली म्हणा.

नाताळात पुस्तक निघालं. तो ठिपका
शाईचा डाग समजून लोकांनी नखाने खरवडला असेल.
सिड्सेलने पाहिला की नाही, कळलं नाही;
तिच्याकडून एक पोतं बटाटे आले, चिठ्ठीशिवाय.

परवा माझ्या इंगरने, वय वर्षं सात,
तिथेच बोट ठेवलं. "बाबा, इथे घाण लागलीय."
घाण नाही गं, म्हटलं. दीड वाव.
उभं राहता येणार नाही,
पण लहान होडी दाराला लागते.

तिने पान उलटलं नाही.
होडी कुठाय, म्हणाली,
आणि शोधत राहिली.