वॉशर, चपलेचा

सरपंच म्हणाले, ताई, चार ओळी तुम्ही बोला.
मी उठले आणि मला फक्त आवाज आठवला:
सायकलच्या कॅरिअरवर साखळी अन् पाइपपाना
एकमेकांवर आदळत यायचे, तो.
मडावीटोलीची कुत्री त्या आवाजाला भुंकत नसत.

पंचायत समितीच्या कागदावर ते हातपंप यांत्रिकी.
आम्हाला कवडू मिस्त्री.
आधीची तीन लेकरं गेली, म्हणून आईनं
यांना सुईणीला विकलं होतं एका कवडीत,
जगावा म्हणून.
कुणी वीसची नोट पुढं केली की हसायचे,
"माही किंमत मायनं ठरवून ठेवली हाये बाई,
वरतं कसा घेऊ?"
चहा मात्र घ्यायचे. कोरा. दोनदा.

एकोणनव्वदचा मे. मी मोहाळीत नवी सून.
गाव सगळं तेंदूपत्त्याला जंगलात,
बोडीच्या तळाशी भेगा,
आणि पंपाचा दांडा कितीही मारा,
आतून नुसती उचकी.
मी बीडीओ साहेबांना पोस्टकार्ड टाकलं, जरा रागातच.
चौथ्या दिवशी तेच कार्ड शर्टाच्या खिशात घालून
हे दारात उभे.
"अक्षर चांगलं हाये तुमचं.
माहं कोंबडीचं. रजिस्टर लिहून द्याल का?"

असं सुरू झालं.
बावीस वर्षं मी लिहीत गेले त्यांचं रजिस्टर,
ते पंपाच्या ओट्यावर बसून सांगत,
पाइप क्रमांकानं मांडलेले, हाताला ग्रीस.
मोहाळी, रॉड एक. चिंधीचक, बेअरिंग.
तालुक्याहून वॉशर सहा-सहा महिने यायचे नाहीत,
तर जुन्या चपलेचं चामडं गोल कापून बसवायचे.
मी लिहिलं, वॉशर नवीन बसविला.
"खोडा ते," म्हणाले, "चप्पल लिहा."
"लोक हसतील."
"हसू द्या. पाणी आलं ना?"
मी लिहिलं: वॉशर, चपलेचा.
साहेबांनी लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं.
ते प्रश्नचिन्ह अजून आहे.

मग मडावीटोलीचा पंप.
तिथल्या पोरांचे दात पिवळे, खालून खात आलेले,
दोघांचे गुडघे आत वळलेले.
स्वतःच्या तिकिटानं दोनदा बाटल्या नेल्या चंद्रपूरला.
कागद आला त्या दुपारी
पंपाला लाल रंग फासला
आणि दांडा काढून सायकलला बांधला.
बायका धावून आल्या.
नदी दीड कोस, ऊन डोक्यावर,
आणि वाहतं पाणी हा माणूस काढून नेतोय!
चिरंजाबाई आत्रामनं शेणाचा गोळा मारला, छातीवर.
त्यांनी शर्ट झटकला, दांडा सोडला नाही.
संध्याकाळी रजिस्टर उघडून मी विचारलं, काय लिहू?
"दांडा काढला, लिहा."
थांबले.
"शेण नका लिहू."

नवी बोअर यायला चौदा महिने लागले.
चौदा महिने त्या बायका गुंड्या घेऊन नदीवर गेल्या,
आणि वाटेत त्या दिसल्या
की हे सायकलवरून उतरायचे,
हातात धरून चालवत न्यायचे,
मान वर न करता.
कितीदा अर्ज केले, मला माहीत आहे.
मीच लिहिले होते. उत्तरं आली नाहीत
तेव्हा दोष त्यांनी कुणाला दिला,
तेही मला माहीत आहे.

हे सगळं चार ओळींत कसं सांगणार?
मी म्हटलं, माणूस खरा होता, आणि बसले.
फोटोला हार घातले.
नळयोजना आली आहे आता, पाणी एकाआड एक दिवस,
तेही येईलच असं नाही.

चिरंजाबाई हार न घालताच उठली.
कमरेत वाकलेली, काठी टेकत
शाळेजवळच्या जुन्या पंपापाशी गेली,
काठी भिंतीला लावून दांडा धरला
आणि पाच-सहा वेळा मारला.
कान लावून ऐकलं.
"वॉशर गेला याचा,"
ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही,

आणि आम्ही साऱ्याजणी
सवयीनं
रस्त्याकडे पाहिलं.