हरवले-सापडले खिडकी, प्शेरोव जंक्शन

या खिडकीमागे मी एकोणीस वर्षं बसते आहे.
मागच्या मांडणीत बहात्तर छत्र्या,
एक कुबडी
(तिच्याशिवाय माणूस गाडीतून उतरला कसा,
हे मला अजून उमगलेलं नाही)
आणि लग्नाच्या अंगठ्यांची बरणी,
जिची चौकशी सहसा कोणी करत नाही.

त्या मंगळवारी, कातोवीत्सेची गाडी गेल्यावर,
एक बाई आल्या. निळा रेनकोट, जाळीची पिशवी.
काचेला नाक टेकवून
साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत पोलिशमध्ये म्हणाल्या:
"शुकाम."

त्यांच्याकडे याचा अर्थ, मी शोधते आहे.
स्वच्छ शब्द. पाद्रीबाबांसमोर उच्चारावा असा.
आमच्या चेकमध्ये मात्र तेच क्रियापद
दिवा मालवून, कडी लावून करायचं,
आणि केलं तरी
सरकारी खिडकीवर येऊन कळवायचं नाही.

लुबोरने पार्सलांच्या ढिगात तोंड खुपसलं.
मी आवाजाला इस्त्री केली. "कधीपासून?"
"सकाळपासून," बाई म्हणाल्या.
"आधी सीटवर. मग सीटखाली.
कंडक्टरनेही मदत केली, फार भला माणूस."

पार्सलांचा ढीग हलायला लागला.

"आणि काय हरवलंय?"
"नवऱ्याचे दात. वरचे."

तेव्हा मला बाकावरचा तो म्हातारा दिसला.
ओढलेल्या बटव्यासारखे मिटलेले ओठ,
टोपी गुडघ्यावर. झेनॉन नाव, मी फॉर्मवर लिहिलं.
आणि माझीच मला लाज वाटली.

लाज झाकायला माणूस खायला देतो.
कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाव होता माझ्याकडे.
"घ्या," मी म्हटलं, "चेर्स्त्वी आहे."
म्हणजे ताजा. आत्ताचा. भट्टीतून निघालेला.
बाईंचा चेहरा पडला.
"त्यांना दात नाहीत,
आणि तुम्ही शिळा पाव देता?"

एकाच आईच्या दोन लेकी आमच्या भाषा.
वेगवेगळ्या घरी पडल्या,
माहेरचे शब्द वाटून घेतले,
आणि एकीचं ताजं ते दुसरीचं शिळं झालं.
मी बाईंचं बोट धरलं, पावावर दाबलं.
बोट आत गेलं. ऊब लागली असावी,
कारण त्यांनी ते लगेच काढलं नाही.

मग हळूच विचारलं,
"मघाशी सगळे हसले का?"

खिडकीतून वाकून मी त्यांच्या कानात सांगितलं.
लाली कॉलरपासून निघाली आणि केसांपर्यंत गेली.
त्या बोटं मोजू लागल्या:
कंडक्टर. चहावाली. समोरच्या बाकावरच्या दोन नन.
"आणि तो सैनिक," त्या म्हणाल्या, "तो तर उठून उभाच राहिला होता."

बाकाशी जाऊन त्यांनी झेनॉनच्या कानात सगळं ओतलं.
आधी काहीच घडलं नाही.
मग म्हाताऱ्याचं तोंड उघडलं, पूर्ण उघडलं,
गुलाबी, रिकामं, तान्ह्या बाळासारखं,
आणि त्यातून असं हसू फुटलं
की लुबोर ढिगाबाहेर आला,
आणि रांगेतले लोक, ज्यांना गाडी चुकत होती,
तेही थांबले.

दात ब्रेत्स्लाव्हला सापडले होते.
फोन आला. संध्याकाळच्या गाडीने येणार.
तोवर थांबायचं.

आमच्याकडे बाण काढलेली एक पाटी आहे: झाखोद.
आमच्यात शौचालय. त्यांच्यात पश्चिम, मावळतीही.
बाईंनी पाटी वाचली, नवऱ्याचा हात धरला.
"बघ," म्हणाल्या, "इथली रेल्वे
सूर्यास्ताची वाटसुद्धा दाखवते."
माझ्या जिभेवर दुरुस्ती आली होती. मी ती गिळली.
दोघं बाणाच्या दिशेने चालत गेले, सावकाश,
पावाचा तुकडा मोडत.

दहा मिनिटांनी परत आले.
बाई गंभीर चेहऱ्याने खिडकीशी वाकल्या.
"सूर्यास्ताला," म्हणाल्या,
"तुमच्याकडे दहा कोरुना पडतात."