दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

पार्सल कुडाळहून आलं, दोन दिवस उशिरा,
आंब्याच्या रिकाम्या पेट्यांखाली दबून, तरी सरळ.
एकशे ऐंशी ग्रॅम. भाकरीच्या तव्यासारखी जड.
वेष्टनावर सोनेरी अक्षरं: मूळ टेपवरून नव्याने मास्टर केलेली.
मागोमाग ज्वानिता आली, बस्त्यावची नात,
अंकल, लावा ना, म्हणत.

माझ्याकडची जुनी प्रत चौऱ्याहत्तरची.
बस्त्यावने रॉटरडॅमच्या गोदीबाहेर घेतली,
दोन रात्रींचा ओव्हरटाइम मोजून,
आणि बंकवरच्या गादीखाली ठेवून वेंगुर्ल्यापर्यंत आणली.
इथल्या हवेने मग तिला आपलीशी केली.
कव्हरवर बुरशीची बेटं,
गिटारवाल्याच्या केसांत वाळवीचं भोक.
दर ऑक्टोबरात मी तिला धुतो:
बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर, रिठ्याचे चार थेंब,
बायकोच्या जुन्या मलमलीचा तुकडा.
तरी खारं काहीतरी खाचेत राहतंच.
ओली लाकडं पेटावीत तशी तडतडते
गाणं येईपर्यंत.

नवी लावली.
तडतड नाही. सुई टेकल्याचंसुद्धा कळलं नाही,
आणि एकदम सगळे दारात.
गिटार दारात, ढोल दारात,
गाणारा तर उंबऱ्यावर चढून माझ्या तोंडाशी.
कुजबुजसुद्धा कशी, तर बंदरावर
सुरमईचा लिलाव पुकारावा तशी.

बस्त्याव म्हणायचा, "आयक रे मेल्या,
ढोल बघ खंय वाजता. पाठल्या कोनशाक!"
आणि जुन्या प्रतीत खरंच एक खोली होती.
मागे भिंत होती. भिंतीशी तो ढोलवाला,
घामाघूम, आमच्यापासून दहा पावलांवर.

बिघडवली, मी म्हणालो. झांज मेली पार.
ज्वानिता साउंडचंच शिकते. हसली नाही.
म्हणाली, झांज तर उलट वाढवलीय ह्यात, अंकल.

मला डॉक्टरांचा आलेख आठवला.
एकतीस वर्षं इंजिनरूम.
रेघ चार हजारांपर्यंत धड चालते
आणि मग कड्यावरून खाली.
म्हणजे जुन्या प्रतीतली झांज
मी कित्येक वर्षं ऐकतच नव्हतो.
नुसतं माहीत होतं, इथे झांज आहे.

हे तिला सांगितलं नाही. बाजू उलटली.

तिसऱ्या गाण्याआधी कोणीतरी खुर्ची सरकवली.
लाकडी, जुनी. मग एक श्वास.
पन्नास वर्षं ही खुर्ची तिथे होती
आणि मला पत्ता नव्हता.
बरं, एवढं मान्य.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ओरखडा.
एक्क्याऐंशीतला, बस्त्यावच्या कोपराचा,
काजूची दोन बोटं जास्त झाली होती त्या रात्री.
तेव्हापासून सुई तिथे अर्धी ओळ गिळून पुढे जाते.
नवीत ओरखडा नाही. अर्धी ओळ आली, साबूत.
काही विशेष नव्हतं तिच्यात.
रस्ता, थंडी, असलंच काहीतरी.
पण माझा पाय पुढे पोचला होता,
आणि गाणं मागून चालत येत होतं.

ज्वानिता माझ्या पायाकडे बघत होती.
म्हणाली, आता जुनी लावा.

जुनी लावली. तडतड. खोली. भिंत.
दुसरं कडवं निम्म्यावर आलं नि लाईट गेली.
पंखा थांबला, फ्रिज थांबला,
तबकडी मात्र आपल्या ओढीने फिरत राहिली.
ज्वानिताने कान सुईपाशी नेला.
येतंय, म्हणाली. स्पीकरशिवाय. डासाएवढं.

मीही वाकलो. मला काही नाही.

ती सांगत राहिली:
आता गिटार. जाड होत चाललाय आवाज.
आता तो गाणारा, म्हाताऱ्यासारखा.
आणि ढोल?
थांबा, म्हणाली,
आहे. खूप पाठीमागे.