बर्फात ठेवलेले लाडू

वैजूच्या सरांनी वहीत लिहून दिलं होतं:
दिवसाला ऐंशी ग्रॅम प्रथिनं.
मी वहीकडे बघितलं, मग पापलेटच्या भावाकडे,
मग कणकवलीच्या दुकानातल्या त्या काळ्या डब्याकडे.
वर दंड फुगवलेला माणूस,
खाली किंमत: माझ्या आठ रात्रपाळ्या.
डबा फळीवर परत ठेवताना
दुकानदारच हळू आवाजात म्हणाला,
घरी वळ रे काहीतरी.

तर घरी.

कुळथाचं पीठ, आईने भाजून दळलेलं.
फुटाणे, सालं फुंकून.
शेंगदाणे. आणि तुकडा काजू,
जो अर्ध्या भावात मिळतो
कारण तुटका काजू पाहुण्यापुढे ठेवत नाहीत.
खजूर अर्धा किलो, बिया काढून.
बिया मोजल्या उगाच. त्रेसष्ट.
कोकोची पुडी वैजूनेच आणलेली,
म्हणे कुळीथ लपायला हवा.

कुळीथ कशातही लपत नाही.

मिक्सर तापला, वायरीचा वास आला,
तेवढ्या वेळात आई ओटीवरून, सुकट निवडता निवडता,
"चूल नाय, पाक नाय, तुपाचो थेंब नाय,
मगे हो लाडू कसलो रे?"
खजूर धरतो गो, मी म्हटलं.
"खजूर धरता," ती म्हणाली,
मला नव्हे, सुकटाला.

बर्फाच्या लाद्या ओढून माझे तळवे चिरलेले.
पहिलाच गोळा वळला तर खजूर चिरांत जाऊन बसला,
चिकट, गोड, आणि थोडा झोंबणारा.
चाळीस वळले. चाळीसही वेगळ्या मापाचे.
सर म्हणाले होते तीस ग्रॅमचा एक,
आणि जेटीवरचा काटा
शंभर ग्रॅमच्या खाली कुणाला ओळखत नाही.
म्हणून एक रुमालात बांधून सोनाराकडे नेला.
पेडणेकरांनी काचेच्या पेटीत तोलला:
तीस ग्रॅम, चारशे मिली.
हसले नाहीत. चष्मा वर सरकवून विचारलं,
घडणावळ काय लावतोस?

आमचा फ्रीज दिवाळीपासून चादरी ठेवायच्या कामाचा.
डबा मी पाळीवर नेला.
रात्री दोनला, अमोनियाच्या त्या ओळखीच्या वासात,
दोन लाद्यांच्या फटीत सारला
आणि पुढच्या साच्यांत पाणी सोडत राहिलो.
चारला ट्रॉलर लागला. धावपळ.
फोडलेला बर्फ फावड्याने क्रेटांत,
कुणी काय कुठे ओतलं कोण बघतो,
सहाला डबा सापडला तो
बशीरच्या बांगड्यांखाली,
चारी बाजूंनी रुपेरी डोळे त्याच्यावर लावलेले.
झाकण घट्ट होतं.
वास झाकणाचं ऐकत नाही.

धुतला. लिंबू चोळलं. उन्हात धरायची सोय नव्हती,
आतलं सगळं परत सैल झालं असतं.
सव्वासातच्या कोल्हापूर गाडीत वैजूच्या पिशवीत घातला
आणि काही बोललो नाही.
ती खिडकीशी बसलेली, हातातल्या चिठ्ठीवर
आपलंच वजन पुन्हा पुन्हा वाचत. अठ्ठेचाळीस, सातशे.
एकोणपन्नासच्या गटात तीनशे ग्रॅमची मोकळीक,
म्हणजे दहाही लाडू नाहीत. मी हिशेब केला तिथेच,
गाडी सुटेपर्यंत.

रात्री फोन.
दादा, लाडवांना बांगड्याचा वास होता.
मग?
मग काय. सांगलीच्या मुली नाक धरून उठून गेल्या.
हर्णैची एक होती, तिने तीन खाल्ले,
म्हणाली, घरचं वाटतं.

आणि तू?

जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज, तिकडच्या.
तिसऱ्या उचलीला बार डोक्यावर गेला होता रे, ती म्हणाली,
पूर्ण गेला होता. मग डावं कोपर हललं.
पंचांनी लाल दिवा दिला.

मी काही म्हणणार, इतक्यात तीच,
कुळीथ वाढव पुढच्या वेळी. कोको नको.
आणि ऐक, डबा रिकामा आहे,
त्या हर्णैच्या पोरीने पत्ता घेतलाय फॅक्टरीचा.